श्वाननिष्ठा व धर्मराजाचा निश्चय

गेल्या महिन्यात आपल्या देवालयाच्या सभामंडपात महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वाचे वाचन झाले. हे पर्व अवघ्या तीन अध्यायांचे असल्याने एका बैठकीतच ते समाप्त झाले. वडील पोथी बांधीत असता श्रोत्यांतील दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने त्यांस विचारले, "गुरुजी, तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्मच होता ना? मग खराखुरा कुत्रा असता तर धर्मराजाने त्याला सोडून दिले असते का?" मंडळी हसली. वडील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. आमचे चिरंजीव याचे उत्तर पुढील अंकात लिहितील."

सुज्ञ वाचकांस विदितच आहे की मी पंडित नव्हे. शालान्त परीक्षेपुढे माझे शिक्षण झाले नाही. जे थोडे ठाऊक आहे ते वडिलांच्या पाटाशेजारी बसून ऐकलेले. तथापि आज्ञा झाली आहे, आणि या विषयात माझ्या मनाला एक टोचणीही आहे. तिचा उल्लेख ओघाने येईलच.

प्रथम मूळ कथाभाग पाहू. श्रीकृष्णांच्या निर्याणाची वार्ता कळल्यावर पांडवांनी परीक्षितीस राज्यावर बसविले, वल्कले परिधान केली आणि हस्तिनापूर सोडले. पाच बंधू, सहावी द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा, अशी गणना व्यासांनी स्वतःच केली आहे. नगरजन काही अंतरावरून परतले; कुत्रा परतला नाही. हिमालय ओलांडून मेरूच्या दिशेने जाता जाता प्रथम द्रौपदी पडली, नंतर सहदेव, नकुल, अर्जुन आणि अखेर भीम. युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालत राहिला. कुत्राही चालत राहिला. मग इंद्र रथ घेऊन आला व सदेह स्वर्गास चलण्याविषयी त्याने राजास विनविले. राजाने प्रथम आपल्या बांधवांविषयी विचारले. ते देह ठेवून आधीच तेथे पोहोचले आहेत, असे कळल्यावर तो म्हणाला की हा कुत्रा माझा नित्य भक्त आहे, तोही बरोबर यावा.

येथून जो संवाद होतो तो प्रत्येकाने मुळातून वाचावा. इंद्राचा युक्तिवाद दुबळा नाही. श्वान बाळगणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही, त्याच्या यज्ञदानाचे पुण्य क्रोधवश नावाचे राक्षस हरण करतात, श्वानाची दृष्टी पडलेले हविष्यही दूषित होते, असे तो सांगतो. आमच्यासारख्या पूजेच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सर्व परिचितच आहे. सोवळ्याचे जे नियम आम्ही पाळतो तेच इंद्र बोलत आहे. शेवटी तो वर्मी घाव घालतो. तू भावांना टाकलेस, पत्नीला टाकलेस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह का? त्यावर युधिष्ठिर सांगतो की ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. मृतांशी संधी नाही आणि विग्रहही नाही, त्यांना उठविणे माझ्या हाती नव्हते. हा मात्र जिवंत आहे. शरणागतास शत्रूच्या हवाली करणे, स्त्रीचा वध, ब्राह्मणाच्या धनाचा अपहार आणि मित्रद्रोह ही चार पातके एका बाजूस, आणि भक्ताचा त्याग दुसऱ्या बाजूस. माझ्या मते दोन्ही सारखीच.

आता त्या बालकाच्या प्रश्नाकडे वळू. कुत्रा हा धर्म आहे, हे युधिष्ठिरास केव्हा कळले? नकार देऊन झाल्यावर. ज्या क्षणी त्याने स्वर्ग नाकारला त्या क्षणी त्याच्यापुढे बर्फातून चालून थकलेला एक सामान्य कुत्रा होता. तेव्हा, बाळा, उत्तर असे की त्याने खऱ्या कुत्र्यालाच सोडले नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या कुत्र्याने राजाचा जीव वाचविला, चोर पकडला, काही पराक्रम केला, असे तेथे काहीही नाही. त्याला नावही नाही. तो केवळ मागे मागे चालला. तेवढ्यास राजा 'भक्त' हा शब्द लावतो.

व्यासांनी ही गोष्ट सहज घातली असेल असे मला वाटत नाही, कारण महाभारताच्या प्रारंभीही एक कुत्रा आहे. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी सरमा या देवशुनीचे पिलू येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. ते सांगते की मी हविष्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमा सत्रात येऊन राजास याचे कारण विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती म्हणते की निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल. राजा घाबरतो आणि पापशमनासाठी योग्य पुरोहित शोधू लागतो. ग्रंथाच्या आरंभी विनाकारण मार खाल्लेला कुत्रा, आणि अखेरीस स्वर्गाच्या दारातही न टाकलेला कुत्रा. मधल्या सर्व पर्वांचा पसारा या दोहोंच्या मध्ये आहे.

महाराष्ट्रात श्वाननिष्ठा म्हटली की एकच नाव ओठावर येते, ते वाघ्याचे. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवछत्रपतींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाघ्या नामक कुत्र्याने चितेत उडी घेतली, अशी आख्यायिका आहे. जगदीश्वराच्या देवळापुढे महाराजांची समाधी आहे. तिच्या जवळच उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे. हे स्मारक १९३६ सालचे असून त्यास इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे साहाय्य झाले, असे सांगतात. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाशीही या कथेचा संबंध जोडला जातो. समकालीन कागदपत्रांत मात्र वाघ्याचा उल्लेख आढळत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. यावरून वाद झाले आहेत. २०११ साली काही कार्यकर्त्यांनी पुतळा काढला, पुढे तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ साली कोल्हापूरचे संभाजीराजे छत्रपती यांनी तो हटविण्याविषयी शासनास पत्र लिहिले. या वादात मी पडू इच्छीत नाही. जे घडल्याचा पुरावा नाही ते इतिहास म्हणून मुलांना शिकवू नये, एवढे मला पटते. पण नावाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्राही असतो, आणि त्याचे जे भक्त स्वतःस देवाचा कुत्रा समजतात, कोटंब्यातून अन्न घेतात, त्यांना आपण वाघ्या म्हणतो. ज्या मुलखात देवाच्या भक्ताने आपण होऊन कुत्र्याची भूमिका घेतली, त्या मुलखाने एका कुत्र्याला भक्ताचे नाव दिले यात नवल नाही.

वाघ्याविषयी मतभेद राहोत. दक्षिणेत एक श्वानस्मारक असे आहे की त्याविषयी शंकेस जागाच नाही, कारण त्याचा लेख दगडावर कोरलेला आहे. हैदराबादेहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीने प्रवास करणाऱ्यांनी मळखेड रोड हे स्थानक पाहिले असेल. हे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्याचाच होता. तेथील सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्या युद्धात त्याचा मांडलिक गंगराजा बूतुग याच्या मणलेर नामक वीराने मोठे शौर्य गाजविले. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, हवे ते माग. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाची 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना ती कुत्री आणि ते डुक्कर दोन्ही मेली. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे, शिवालयासमोर, तिच्या नावाने शिळा उभारण्यात आली आणि तिला जमीन तोडून देण्यात आली. काळ इसवी सन ९४९-५० चा. कुत्रा व डुक्कर यांच्या झुंजीचे चित्र त्या शिळेवर आहे. आता ती बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

या लेखातील एक अट वाचून मी थबकलो. त्या जमिनीचा उपभोग घेणाऱ्या गोरवाने, म्हणजे तेथील शैव पुजाऱ्याने, शिळेची पूजा केल्याविना भोजन केले तर त्याला त्या कुत्र्याचे पाप लागेल. एका कुत्रीच्या स्मरणासाठी हजार वर्षांपूर्वी एका पुजाऱ्याचे जेवण अडवून ठेवले होते! वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यात नवे काय? आपल्याकडे वैश्वदेवात श्याम आणि शबल या यमाच्या दोन कुत्र्यांचा बली काढल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, असेच आहे. लोक बली काढतात आणि दारातल्या कुत्र्याला हाकलतात."

हे वाक्य मला लागले, आणि त्याचे कारण आता सांगितले पाहिजे.

आपले एक वृद्ध सभासद, निवृत्त शिक्षक, रोज सायंआरतीस येत. त्यांच्याबरोबर एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा येई. त्याला ते मोत्या म्हणत. तो कधी पायरी चढला नाही. पादत्राणांच्या फळीपाशी, त्यांच्या वहाणांजवळ बसून राही. मागच्या पावसाळ्यात ते गृहस्थ वारले. मुले परदेशी असतात. क्रियाकर्मे करून, घराला कुलूप लावून ती परत गेली. त्यांना मी दोष देत नाही. मोत्या मात्र आरतीची घंटा झाली की येऊ लागला, फळीपाशी बसू लागला आणि लोक पांगले की उठून त्या कुलूपबंद दाराकडे जाऊ लागला. दिवसेंदिवस तो रोडावला. अंगावर खरूज दिसू लागली. भाविकांच्या तक्रारी आल्या. लहान मुले घेऊन येणाऱ्या मातांना भय वाटणे स्वाभाविक होते. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच शहरात अंबरपेठेत मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचा मुलगा दगावला, हे कोण विसरेल? कार्तिकातल्या एका गर्दीच्या दिवशी मी काठी घेतली आणि त्याला मारले. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. तो ओरडला नाही, अंगावर आला नाही. फाटकाबाहेर जाऊन बसला. त्याने नैवेद्य चाटला नव्हता, त्याकडे पाहिलेही नव्हते.

पौष्यपर्व मी त्यापूर्वी दोनदा वाचले होते. त्या दिवशी ते मला आठवले नाही.

जपानमधील हाचिकोची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. तोक्योतील कृषिविषयाचे प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी कामावर असतानाच वारले, आणि त्यांचा हा कुत्रा ८ मार्च १९३५ रोजी स्वतःचा अंत होईपर्यंत शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. १९३४ साली, तो जिवंत असतानाच, त्याचा पुतळा उभारला गेला. युद्धात तो वितळविला गेला व १९४८ साली नवा बसविला गेला. हे सर्व सांगितले जाते. परंतु आरंभीची वर्षे त्या स्थानकावर त्याला मोकाट समजून हाकलीत असत, त्रास देत असत, आणि १९३२ साली वृत्तपत्रात त्याची हकीकत छापून आल्यावर लोकांची दृष्टी पालटली, हा भाग सहसा गाळला जातो. कुत्रा दोन्ही काळी तोच होता. मला वाटते, श्वाननिष्ठेच्या कथा आपण ऐकतो तेव्हा आपली नजर कुत्र्यावर असते. व्यासांची नजर माणसावर होती. कुत्रा सोडणार नाही हे त्यांनी गृहीतच धरले. प्रश्न राजाचा होता.

वाचनाच्या दुसऱ्या दिवशी मी वडिलांना काठीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तो आता कुठे आहे?" आम्ही दोघे त्या कुलूपबंद घराशी गेलो. मोत्या पायरीवर होता. मला पाहून तो उठला आणि दोन पावले मागे सरकला. वडिलांनी पोळी पुढे ठेवली, तरी मी उभा होतो तोवर त्याने ती घेतली नाही. मी गल्लीच्या टोकाला जाऊन थांबलो, तेव्हा त्याने खाल्ली.

त्यानंतर पशुवैद्यांकडून त्याला रेबीजची लस टोचून घेतली, खरजेचा उपचार चालू आहे, शस्त्रक्रियाही करून घेतली. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीपर्यंत त्याला फाटकाच्या आत, पादत्राणांच्या बाजूस राहू देण्यास संमती दिली आहे. ज्यांना याविषयी हरकत असेल त्यांनी ती बैठकीत अवश्य मांडावी. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुलांनी तो खात असता त्याच्याजवळ जाऊ नये. प्रसादाचा शिरा, पेढे, द्राक्षे व बेदाणे त्याला घालू नयेत. हे पदार्थ कुत्र्यांना अपायकारक असतात. साधा भात किंवा कोरडी भाकरी चालते. रोज दुपारी वैश्वदेवानंतर वडील पान ठेवतात. मी ठेवलेले तो अजून माझ्यासमोर खात नाही.