ईकोचा दिवा लागला? सेन्सरआधी वायर बघा

शाळेच्या फेऱ्या, लग्नाची भाडी, रात्री-बेरात्री पेशंट नेणं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडे या सगळ्याला मारुती ईको हमखास धावते. तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागला, ॲव्हरेज पडलं, की गॅरेजात स्कॅनर लागतो आणि निदान होतं : "इनटेक टेम्परेचर सेन्सर गेला." एवढ्यावर पार्ट मागवू नका.

इंजिनात जाणारी हवा किती तापली आहे, हे हा सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कळवतो. हवा गरम तर विरळ, तिला पेट्रोल कमी. थंड तर जास्त. सेन्सरच्या पोटात असतो फक्त तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम, 40 अंशांना हजार-बाराशे. इतकी साधी वस्तू सहसा मरत नाही. मरते ती वायर. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, जागा उबदार. धानाच्या मुलखात उंदरांना आणखी काय हवं?

स्कॅनरवर पी 0113 हा कोड आला तर सर्किट बहुधा तुटलंय, पी 0112 आला तर शॉर्ट. कोड सर्किटचा असतो, एकट्या सेन्सरचा नाही. म्हणून मेकॅनिकला म्हणा, "भाऊ, लाइव्ह डेटा दाखवा." रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू करण्याआधी, आत येणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मे महिन्यात सिंदेवाहीत स्कॅनर उणे 40 दाखवत असेल, तर कुठेतरी तार तुटलीय किंवा कनेक्टर सैल आहे. सेन्सर दोन पिनांचा असेल तर प्लग काढून वायरीकडच्या दोन्ही पिना क्षणभर जोडाव्यात. आकडा एकदम वर गेला तर वायर ठीक, सेन्सर खराब. हललाच नाही तर वायर शोधा.

आता पैसे. गॅरेजगणिक फरक पडेल, हा ढोबळ अंदाज आहे. स्कॅनिंग 200 ते 500 रुपये. वायर-कनेक्टर दुरुस्ती शे-तीनशेत. सुटा सेन्सर 300 ते 800. काही मॉडेलांत तो हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरमध्येच असतो, तेव्हा हजार ते अडीच हजार. सीट उचलून बदलायला अर्धा तास, मजुरी दीडशे-तीनशेच्या वर जाऊ नये. एवढ्यासाठी मूलमार्गे चंद्रपूरचं सर्व्हिस सेंटर गाठलं, तर जाऊन-येऊन पेट्रोलच हजाराच्या घरात जातं. वॉरंटी शिल्लक असेल तरच ते परवडतं.

22 सप्टेंबर 2025पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. पाकिटावरच्या एमआरपीत तो धरलेला असतो, त्यावर वेगळा कर देऊ नका. दिवा स्थिर असेल तर घाई नाही, गाडी जपून चालवता येते; लुकलुकत असेल तर दुखणं मिसफायरचं आहे, गाडी थांबवा. जुना सेन्सर परत मागा, बिल घ्या. बिल नाकारणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.