मेमरीची वाढ आणि निजलेल्या लॅपटॉपचा खर्च

संगणक हा आता केवळ विज्ञान शाखेचा विषय राहिलेला नाही. मराठीचा प्रबंध असो, इतिहासाचा प्रकल्प असो वा अर्थशास्त्राची कोष्टके असोत, कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही लॅपटॉप उघडावा लागतो. नवा घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते. म्हणून जुन्या लॅपटॉपला मेमरीची आणखी एक पट्टी जोडून त्याचे आयुष्य वाढविण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. त्याने यंत्र चपळ होते. परंतु झाकण मिटून ‘स्लीप’मध्ये ठेवले असता बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरते, अशी तक्रारही ऐकू येते. ही तक्रार कितपत खरी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मेमरीचे स्वरूप पाहू. आयबीएम कंपनीतील संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली तिची कल्पना सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर एवढ्यावर माहितीचा एक बिट साठवावयाचा. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. रचना सुटसुटीत व स्वस्त, पण तीत एक उणीव आहे. कपॅसिटरमधील भार टिकत नाही, तो झिरपून जातो.

भंडारा जिल्ह्यातील वाचकास झिरपणे म्हणजे काय हे सांगावयास नको. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आपल्याकडे गावोगाव आहेत. मालगुजारी गेल्यावर तेच ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. पाळ कितीही पक्की असली तरी थोडे पाणी झिरपतेच. तलावाला वर्षाकाठी एक पावसाळा पुरतो. मेमरीतील प्रत्येक इवल्या बोडीला मात्र साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरावे लागते. अशा बोड्या ८ गिगाबाइटच्या पट्टीत सुमारे ६,८७० कोटी असतात! आणि नेहमीच्या पट्टीत तेथे काही लिहिलेले असो वा नसो, भरण्याचे काम सर्वत्र चालते.

स्लीपमध्ये पडदा, प्रोसेसर व डिस्क विसावतात; मेमरीला मात्र जागेच राहावे लागते. तिचा पुरवठा तुटला की उघडे ठेवलेले सारे लिखाण पुसले जाते. तेव्हा पट्टी वाढली की पहाऱ्याचा खर्चही वाढणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो किती, याचा.

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. बॅटरी ४० वॅट-तासांची, निजलेल्या लॅपटॉपचा एकूण खर्च ०.५ वॅट आणि त्यात एका पट्टीचा वाटा ०.१ वॅट. दुसरी तशीच पट्टी जोडल्यावर एकूण खर्च ०.६ वॅट होईल. म्हणजे मेमरी दुप्पट झाली तरी खर्च दुप्पट होत नाही, कारण उरलेला ०.४ वॅट पूर्वीइतकाच राहतो. आठ तासांच्या रात्रीत पूर्वी बॅटरीचा दहावा हिस्सा जात असे, आता शंभरातले बारा भाग जातील. एवढा फरक ध्यानातही येणार नाही.

पण बॅटरी जुनी झाली आणि तिच्यात २४ वॅट-तासच मावू लागले, तर? शनिवारी दुपारी दोन वाजता महाविद्यालयात पूर्ण चार्ज करून मिटलेला लॅपटॉप सोमवारी सकाळी दहाला उघडावयाचा, म्हणजे ४४ तास. एका पट्टीला २२ वॅट-तास लागतील, कसेबसे निभावेल. दोन पट्ट्यांना २६.४ लागतील, बॅटरी ४० तासांत, सोमवारी पहाटे सहालाच, संपेल आणि न साठविलेला प्रकल्प तिच्याबरोबर जाईल. सारांश, तक्रार खरी आहे. परंतु खरा घात जुन्या बॅटरीत आहे, मेमरीची वाढ केवळ निमित्त ठरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, खर्च केवळ गिगाबाइटवर ठरत नाही. पट्टीवरील चिपांची संख्या, त्यांची पिढी व तापमान यांवरही ठरतो. उष्णतेने झिरपणे वाढते, म्हणून वैशाखात लॅपटॉप तापलेल्या टिनाखाली ठेवू नये. दुसरी, अनेक नव्या लॅपटॉपांची झोप पुरती झोप नसते. ते अधूनमधून जागे होऊन इंटरनेटवरून निरोप घेत बसतात. तेथे मेमरीपेक्षा या जागरणाचाच खर्च मोठा असू शकतो.

मग मेमरी वाढवू नये काय? तसे मुळीच नाही. मेमरी अपुरी असली की यंत्र वारंवार डिस्कवर धाव घेते व त्यातही वीज जाते. उपाय सोपा आहे. तास-दोन तासांच्या खंडासाठी स्लीप वापरावी. रात्रभर वा सुटीभर लॅपटॉप मिटावयाचा असेल तर ‘हायबरनेट’ निवडावे. त्यात मेमरीतील मजकूर डिस्कवर उतरतो आणि मेमरीचा पुरवठा थांबतो. मग पट्टी एक असो वा दोन, पहाऱ्याचा खर्चच उरत नाही.

पट्टी विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्रात ती बसविण्यास जागा आहे की मेमरी कायमची जोडलेली आहे, हे पाहावे. शिवाय एका रात्री झाकण मिटताना व सकाळी उघडताना बॅटरीचे आकडे वहीत टिपून ठेवावेत. पट्टी बसविल्यावर तेच पुन्हा करावे. दोन रात्रींच्या या नोंदी ऐकीव तक्रारींपेक्षा अधिक सांगतील. आणि झाकण मिटण्यापूर्वी लिहिलेले साठवावे, हे मात्र पट्टी असो वा नसो, कधीही विसरू नये.