डाळिंबावरील सुरसा : फुलपांखराची ओळख

डाळिंबाच्या बागेंत निळसर पंखांचें लहानसें फुलपांखरूं भिरभिरतांना पाहून आपणांस कौतुक वाटतें. परंतु फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीची माता तीच होय, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. याकरितां तिचा जीवनक्रम येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पंख पसरले असतां या फुलपांखराची रुंदी सुमारें दीड ते दोन इंच भरते. नराचे पंख चकचकीत निळसर जांभळे असतात. मादीचे तपकिरी छटेचे असून पुढील पंखांवर नारिंगी डाग असतो. मादी फुलांवर व कोवळ्या फळांवर, विशेषतः शेंड्याकडील मुकुटावर, एकेक सुटें अंडें घालते. अंडें ७ ते १० दिवसांत फुटतें. निघालेली अळी तत्काळ फळांत शिरते आणि १८ ते ४७ दिवस आंतील गर व दाणे खाते. ती गडद तपकिरी असून तिच्या अंगावर आखूड केस व पांढुरके डाग असतात. छिद्रावाटे विष्ठा बाहेर येते, बुरशी आंत शिरते व फळ सडून दुर्गंधी सुटते.

पूर्ण वाढलेली अळी बाहेर येऊन फळाचा देठ रेशमी तंतूंनीं फांदीस बांधते. त्यामुळें पोखरलेलें फळ पुष्कळदां गळत नाहीं. सबब केवळ खालीं पडलेलीं फळें वेंचून भागत नाहीं. पुढें ती फळांत किंवा देठावर कोशांत जाते व ७ ते ३४ दिवसांनीं फुलपांखरूं बाहेर पडतें. वर्षांत अशा सुमारें चार पिढ्या होतात. डाळिंबास फळ नसेल तेव्हां पेरू, चिंच, बोर यांवरही ही अळी जगते.

अळी एकदां आंत शिरली कीं फवारा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. फळ गेल्यावर पंचनामा करून काय उपयोग? म्हणून फळ लिंबाएवढें होतांच, त्यावर अंडें नाहीं असें पाहून, कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधावी. छिद्र पडलेलीं फळें, झाडावरचीं व खालचीं, दर आठवड्यास गोळा करून खोल पुरावीं; बांधावर टाकूं नयेत.

फुलपांखरूं सातबाऱ्याची हद्द जाणत नाहीं. एकानें बाग स्वच्छ राखिली आणि शेजाऱ्यानें नासकीं फळें तशींच ठेविलीं, तर दोघांचेंही नुकसान ठरलेलें. याकरितां शिवारांतील सर्वांनीं हें काम एकाच वेळीं करावें, अशी आमची विनंती आहे.