नद्यांची वाट अडली तेव्हा

पर्वताला आपण अचल म्हणतो. जो चळत नाही तो अचल. आपल्या पूर्वजांनी डोंगराला हे नाव मोठ्या विश्वासाने दिले. परंतु एका सायंकाळी हिमालयाच्या पूर्व टोकाला हे अचलच चळले, आणि त्यांच्या कुशीतून वाहणाऱ्या नद्यांच्या वाटा अडल्या. त्या घटनेची हकीकत या पाठात सांगावयाची आहे.

तो दिवस होता १५ ऑगस्ट १९५० चा. स्वातंत्र्याला तीन वर्षे पूर्ण झाली होती. भारत प्रजासत्ताक होऊन सात महिनेही लोटले नव्हते. देशभर ध्वजवंदने होऊन दिवस मावळला होता. आसामच्या खोऱ्यात श्रावणातला काळोख दाटला होता. साडेसात वाजून गेले होते. अशा वेळी धरणी एकाएकी थरारली. घरे झोक्यासारखी हेलकावू लागली, झाडे मुळांपासून हलली, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वाळू व पाणी उसळून वर आले.

या भूकंपाचे केंद्र भारताच्या सीमेपलीकडे, तिबेटमधील रीमा या गावाजवळ होते. योगायोग असा, की फ्रँक किंग्डन-वॉर्ड नावाचे एक नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच सुमारास आपल्या पत्नीसह तेथे तंबू ठोकून राहिले होते. डोंगरदऱ्यांतून हिंडून दुर्मिळ फुलझाडांची बीजे गोळा करावी, हे त्यांचे जन्माचे व्रत. पासष्टीच्या उंबरठ्यावर आलेला तो माणूस धक्का बसताच पत्नीसह तंबूबाहेर धावला. पण उभे राहणे अशक्य झाले. दोघेही जमिनीवर आडवी झाली आणि सोबतच्या सेवकांसह तशीच पडून राहिली. चहूकडे कडे कोसळत होते आणि त्यांचा गडगडाट कानठळ्या बसवीत होता. पुढे हादरे मंदावले, तेव्हा आकाशात उंचावर तोफगोळे फुटावेत तसे आवाज एकापाठोपाठ एक ऐकू आले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो दऱ्या धुळीने भरून गेलेल्या, सूर्य निस्तेज झालेला, आणि काल हिरवेगार असलेले उतार सोलून काढल्यासारखे उघडे पडलेले! ती दोघे सुखरूप भारतात परतली आणि किंग्डन-वॉर्ड यांनी हा अनुभव लिहून ठेवला. म्हणूनच केंद्राच्या इतक्या जवळची हकीकत आज आपल्याला कळते.

या भूकंपाची तीव्रता ८.६ होती. हा आकडा लहान दिसतो. पण या मापनात एका अंकाने वाढ झाली, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. समुद्रतळाखालचे भूकंप वगळले, तर यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत याहून मोठा दुसरा नाही. हजारो मैलांवरील नॉर्वे देशातही त्याच्या लहरींनी खाड्यांचे पाणी हेलकावले.

एवढी प्रचंड शक्ती आली कोठून? पृथ्वीचे कवच अखंड नाही; ते अनेक विशाल तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. ज्या भूपट्टावर भारत वसला आहे, तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तर-ईशान्येकडे सरकत असतो आणि आशियाच्या भूपट्टाला रेटत असतो. या रेट्यातूनच हिमालय वर उचलला गेला. दोन भूपट्टांमधील खडक एकमेकांत अडकून बसतात. वाकविलेल्या वेताप्रमाणे त्यांच्यात ताण साठत जातो. शतकानुशतके साठलेला हा ताण एखाद्या क्षणी असह्य होतो, खडक एका झटक्यात सरकतात, आणि जमीन हादरते.

मात्र १९५० साली खरा घात केला तो दरडींनी. पूर्व हिमालयाचे उतार अतिशय उभे आणि तेथील खडक जागोजागी पिचलेले. त्यातून ऑगस्ट महिना. पावसाने माती आधीच भिजून जड झालेली. अशा उतारांना धक्का बसताच डोंगरांचे कडेच्या कडे, अंगावरच्या अरण्यांसह, खाली घसरले. या दरडींतून सुमारे ४५ घन किलोमीटर दगडमाती खाली आली, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच असा मातीचा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. आणि असे पंचेचाळीस ठोकळे ओळीने मांडा!

ही दगडमाती दऱ्यांच्या तळाशी, म्हणजे नद्यांच्या पात्रांत, जाऊन पडली. ब्रह्मपुत्रेला मिळणाऱ्या अनेक नद्यांवर आपोआप बांध पडले. असाच एक बांध सुबनसिरी नदीवर पडला. वरच्या अंगाला पाणी तुंबून तलाव झाला आणि खालचा प्रवाह रोडावला. भर पावसाळ्यात नदी ओसरावी, ही शुभ गोष्ट वाटण्याचा संभव असतो. परंतु ती भयसूचक घंटा होय. कारण मनुष्याने बांधलेल्या धरणाला पाया असतो, भक्कम भिंत असते आणि जादा पाणी सोडण्यासाठी सांडवा असतो. दरडीच्या बांधाला यांपैकी काहीच नसते. पाणी काठोकाठ चढले, की ते माथ्यावरून वाहू लागते, भुसभुशीत माती कातरत जाते आणि पाहता पाहता सारा बांध वाहून जातो. सुबनसिरीचा बांध आठ दिवस टिकला. मग तो फुटला आणि सुमारे सात मीटर उंचीची लाट खालच्या गावांवर कोसळली. भूकंपातून वाचलेली पाचशेहून अधिक माणसे या लाटेने नेली. भारतात या आपत्तीत एकंदर सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. तिबेटमधील मृत धरता ही संख्या पाच हजारांच्या जवळपास जाते.

आपत्ती तेथेच संपली नाही. नद्यांनी गाळ मैदानात आणून टाकला आणि ब्रह्मपुत्रेचे पात्र उथळ झाले. दिब्रुगढ शहराजवळ ते सुमारे तीन मीटरांनी वर आले. पात्र भरले, की पाणी काठ खाऊ लागते. पुढील काही वर्षांत दिब्रुगढचा मोठा भाग नदीने गिळला, तेव्हा शहर वाचविण्यासाठी तटबंध घालावा लागला. जुने सदिया गाव तर नदीच्या उदरात नाहीसे झाले. आज सदियाकडे जाणारा नऊ किलोमीटरांहून लांब पूल २०१७ साली खुला झाला आहे; पण त्याखालून वाहणारे पाणी अजूनही त्याच डोंगरांतून येते.

मग मनुष्य निसर्गापुढे अगदीच हतबल आहे काय? तसे नाही. आसामातच १८९७ साली एक भयंकर भूकंप झाला होता. त्यात दगडविटांच्या इमारती ढासळल्या. त्यापासून धडा घेऊन तेथील लोकांनी लाकडी सांगाड्याची, मातीने लिंपलेल्या कुडाची आणि हलक्या छपराची घरे बांधण्याचा प्रघात पाडला. ही घरे धक्क्याबरोबर डोलतात, पण सहसा कोसळत नाहीत. १९५० च्या भूकंपात या हलक्या घरांनी अनेकांचे प्राण राखले.

दुसरे उदाहरण गढवालचे आहे. १८९३ साली तेथे बिरही गंगेवर प्रचंड दरड कोसळून गोहना येथे विस्तीर्ण तलाव निर्माण झाला. अभियंत्यांनी त्याचे निरीक्षण केले, पाणी केव्हा माथ्यावर येईल याचे गणित मांडले, खालच्या गावांपर्यंत तारायंत्राची तार नेली आणि लोकांना उंचावर हलविले. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. श्रीनगर हे गढवालचे जुने गाव धुऊन गेले. परंतु हलविल्यानंतरही बांधाजवळ परत गेलेल्या एका फकिराच्या कुटुंबातील पाच माणसांखेरीज कोणाचाही जीव गेला नाही.

मुलांनो, या दोन बांधांची तुलना करा. दरड दोन्हीकडे पडली, बांध दोन्हीकडे फुटला. एके ठिकाणी पाण्यापूर्वी सूचना पोचली. दुसऱ्या ठिकाणी दुर्गम अरण्य आणि भूकंपाने मोडलेल्या वाटा यांमुळे लोकांना सावध करता आले नाही. केवळ एवढ्या फरकाने शेकडो जीवांचे भवितव्य बदलले. आज उपग्रहांच्या साहाय्याने दुर्गम दरीतील तलावही दिसू शकतो. पण दिसलेला धोका वेळीच लोकांपर्यंत पोचविणे आणि लोकांनी तो मानणे, हे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही. डोंगर हलणार, हे आपण थांबवू शकत नाही. डोंगर हलल्यानंतर नदी ओसरली, तर तिच्या काठी न थांबता उंचावर जावे आणि शेजाऱ्यालाही हाक मारावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. पर्वताला ‘अचल’ का म्हणतात? या पाठात ते नाव कसे खोटे ठरले?
२. दरडीचा बांध आणि मनुष्याने बांधलेले धरण यांतील फरक लिहा.
३. ‘भर पावसाळ्यात नदी ओसरणे ही भयसूचक घंटा होय.’ सकारण स्पष्ट करा.
४. गोहना व सुबनसिरी येथील घटनांची तुलना दहा ओळींत करा.
५. वाक्यांत उपयोग करा : हतबल होणे, धडा घेणे, प्रघात पाडणे, कानठळ्या बसणे.