नाथमहाराजांच्या अर्जदस्तीतले शब्द

श्रीएकनाथमहाराजांच्या भारुडांत 'अर्जदस्त' म्हणून एक प्रकार आहे. देह हा परगणा, जीव हा तिथला कामगार, आणि तो वरच्या धन्याकडे लेखी गाऱ्हाणे पाठवतो, अशी ती मांडणी.

मी पाठशाळेत शिकलेला माणूस. तरुणपणी एका कीर्तनात मी ऐटीने सांगितले की 'अर्ज' हा शब्द संस्कृत 'अर्ज्' धातूपासून आला. अर्ज् म्हणजे मिळवणे, म्हणून काही मिळावे यासाठी लिहितो तो अर्ज! मंडळींनी माना डोलावल्या. कीर्तन आटोपल्यावर मोडी कागद वाचणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "बुवा, धातू खरा, पण शब्द त्या घरचा नव्हे." रात्रभर झोप आली नाही. चुकल्याचे दुःख होतेच. पण नाथांच्या रचनेत यावनी शब्द आहे हे मानायला मन तयार नव्हते, हे त्याहून मोठे.

'अर्ज' मूळ अरबी. अर्थ समोर मांडणे. त्याला फारसी 'दाश्त' जोडला. 'दाश्तन्' म्हणजे धरणे, ठेवणे. फारसीत 'दस्त' म्हणजे हात, तोच इथे आहे असे पुष्कळजण समजतात, तसे नाही.

आता काळ पाहा. देवगिरी, म्हणजे दौलताबाद, १४९९ पासून अहमदनगरच्या निजामशाहीत होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास तिथले राज्य बुऱ्हाण निजामशहाचे. १५५३ साली तो वारला आणि हुसेन निजामशहा गादीवर आला. त्याच गडावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि नाथ त्यांच्या सेवेत. शेजारी विजापुरास पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (१५३४–१५५८) हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून हिंदवीत आणले, असे इतिहासकार फेरिस्ता सांगतो. हिंदवी म्हणजे इथली देशी भाषा. लिहिणारे कारकून इथलेच, वाक्य इथले. पण जमा, खर्च, वसूल, बाकी, हिशेब हे शब्द दप्तरातून हलले नाहीत. बाजारात गेले, घरात गेले.

एका पैची चूक शोधत नाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच टाळी वाजवून हसले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. स्वामींनी तेव्हा हेच चित्त भगवंताकडे लावायला सांगितले. मला वाटते, अर्जदस्तीचे बी त्या चोपडीत आहे. ज्या भाषेत रयत सरकारपुढे हात जोडत होती, त्याच भाषेत नाथांनी तिला देवापुढे उभे केले. रयतेला अर्जदस्त समजत होती, कारण ती तिला भोगावी लागत होती.

नाथांच्या कागदांत ताकीदपत्र आहे, अभयपत्रही आहे. 'ताकीद' अरबी, 'अभय' आपले. दोन्ही शेजारी सुखाने नांदतात. 'जासूद' शब्दाचे मूळ 'जासूस', हेर. मराठीत तो निरोप नेणारा झाला.

आणि 'कौल'? घरावरचे कौल निराळे, बरं का. अरबी 'कौल' म्हणजे बोललेला शब्द, वचन. सरकार रयतेला कौल देई, की अमुक सारा घेऊ, जास्त नाही. तोच शब्द पुढे देवळात शिरला. कोकणात आजही गुरव देवाला कौल लावतो, आणि समोर बसलेली म्हातारी पदर सावरून उजव्या बाजूच्या कळीकडे डोळे लावून बसते.