एक्सेलमधली दोन कोल्हापुरं

बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "डेटा सायन्सला घालावं म्हणतोय, पण मुलगी कॉमर्सची. कोडिंग जमेल का तिला?" फी लाखांत आणि जाहिराती रोज नव्या, त्यामुळे ही काळजी रास्तच आहे. माझं उत्तर असं : पदवी कुठलीही घेऊ द्या, पण तिला आकड्यांना प्रश्न विचारायला शिकू द्या. डेटा सायंटिस्ट थोडेच होतील. नोंदी पाहून निर्णय घेणारी माणसं मात्र दूध संघापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे लागतात.

काम कसं असतं?

समजा, वितरकाच्या ऑफिसात नवा मुलगा लागलाय. साहेब म्हणतात, "कुठून माल जास्त परत येतो ते बघ." तो एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावतो, म्हणजे गावागणिक बेरीज काढतो. तीस खोक्यांसह सांगली सर्वांत वर दिसते. पण यादीत खाली 'कोल्हापूर' आहे बावीस खोक्यांचं आणि 'कोल्हापुर' अठराचं. एका ऱ्हस्व उकारानं संगणकाच्या लेखी दोन गावं झाली! ती एक केली की चाळीस खोक्यांचं कोल्हापूर पहिलं येतं.

इथेही थांबायचं नाही. तिथं माल गेला किती? कोल्हापूरला हजार खोकी गेली, चाळीस परत आली. कराडला दोनशेच गेली, वीस परत आली. शंभराला चार आणि शंभराला दहा. म्हणजे आधी कराडची खोकी उघडून बघायला हवीत. या सगळ्यात कोडिंगची एक ओळ नाही. आहे ती चिकाटी आणि शाळेतली टक्केवारी.

आकडा शेतातून येतो

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे पुढे जगभर मान्यता पावलेले संख्याशास्त्रज्ञ झाले. पिकाच्या उत्पादनाचा अंदाज घेताना शेतातला फार छोटा तुकडा कापला, तर उत्पादन फुगून दिसतं, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. कारण साधं आहे : कडेवरची रोपं कापणाऱ्याकडून आतच धरली जातात आणि तुकडा जितका छोटा तितकी ही चूक मोठी. आकडा कोणी, कुठे आणि कसा घेतला, हे विचारणं हा या कामाचा पाया आहे.

ऑफिसही असे प्रश्न चालवून घेणारं हवं

वाईट आकडा सांगितला की ओरडा बसत असेल, तर रजिस्टर संध्याकाळी अंदाजानं भरलं जातं. मग महागडं सॉफ्टवेअरही उपयोगाचं नाही. चांगल्या ठिकाणी 'विक्री' म्हणजे ऑर्डर मिळालेली की पैसे जमा झालेले, हे सगळ्यांचं एकच ठरलेलं असतं आणि चूक कबूल करायची भीती नसते. मुलाखतीत नम्रपणे विचारा, "अलीकडे आकडे पाहून तुम्ही कामात काय बदललंत?" उत्तरावरून ती जागा कळते.

सुरुवात कुठून?

* घरची वर्षभराची वीजबिलं एक्सेलमध्ये भरा. युनिट कधी वाढले आणि का, ते पाच ओळींत मराठीत लिहा.
* मग पिव्होट टेबल, सरासरी-मध्यक आणि त्यानंतर एसक्यूएल ही साठवलेल्या नोंदींना प्रश्न विचारायची भाषा शिका. 'स्वयम्' पोर्टलवर हे विषय मोफत शिकता येतात.
* सरावाला केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरच्या फाइली घ्या.
* याच क्षेत्रात पदवी हवी असेल, तर आयआयटी मद्रासचा २०२१ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम पाहा. त्याला जेईई लागत नाही, बारावीची शाखा कुठलीही चालते. पात्रता फेरी मात्र पार करावी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

पालकांसाठी

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी विचारा : किती मुलं बसली, किती लागली, कुठे आणि किती पगारावर? उत्तर लेखी मागा. हे विचारताना मुलांना शेजारी बसवा. आणि उद्या जेवताना तुमच्याच एखाद्या बोलण्यावर मुलीनं "कशावरून?" असं विचारलं, तर ते उलट उत्तर समजू नका. ज्या घरात या शब्दाला जागा मिळते, तिथून निघालेली मुलगी तोच प्रश्न उद्या साहेबांनाही न घाबरता विचारेल.