मिरचीवरील शत्रुकीटक व मित्रकीटक कसे ओळखावे?

मुळशी तालुका हा मुख्यतः भाताचा. तथापि पाण्याची सोय असेल तेथे भाजीपाल्याबरोबर मिरचीचेही वाफे केले जातात. मिरचीचा शेंडा आकसला, की ‘बोकड्या पडला’ असे म्हणून हाती येईल ते औषध फवारले जाते. परंतु बोकड्या हे किडीचे नाव नव्हे. ते लक्षण आहे. त्याची कारणे निरनिराळी असल्यामुळे उपायही निरनिराळे आहेत. अंदाजाने केलेल्या फवारणीत पैसा वाया जातो आणि किडीचे भक्षकही मरतात.

शत्रू

१. फुलकिडे : पाने वरच्या बाजूस वळून द्रोणासारखी होतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास सुमारे १ मि.मी. लांबीचे, पिवळसर, निमुळते कीटक दिसतात. पाऊस उघडून हवा कोरडी झाली की ते वाढतात. २०२१ साली आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीची मोठी हानी करणारी फुलकिड्यांची जात काळपट असून ती फुलांत गर्दी करते. म्हणून फुलेही झटकून पाहावीत.

२. कोळी : पाने खालच्या बाजूस वळतात व देठ लांबतात. कोळी हा कीटक नव्हे. त्यास आठ पाय असतात. तो पाहण्यास भिंग लागते. पुष्कळशी कीटकनाशके त्यावर चालत नाहीत. पाण्यात मिसळणारे गंधक उपयोगी पडते.

३. पांढरी माशी : हिच्यामुळे विषाणुरोग पसरतो. पाने बारीक व चुरडलेली राहून झाड खुजे होते. असे झाड सुधारत नाही. ते उपटून नष्ट करावे.

४. मावा : पाने चिकट होतात व त्यांवर मुंग्या फिरू लागतात.

मित्र

ढालकिडा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याची अळी बहुतेकांस ओळखू येत नाही. ती काळपट, लांबट, सहा पायांची असून अंगावर नारिंगी ठिपके असतात. कीड समजून तिलाच मारले जाते. वस्तुतः ती शेकडो मावा फस्त करते. केसासारख्या देठावर उभी असलेली अंडी क्रायसोपाची समजावीत. माव्यात वळवळणारी बिनपायी हिरवट अळी सिरफिड माशीची असते. फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला मावा म्हणजे सूक्ष्म गांधीलमाशीने आपले काम केल्याची खूण होय.

काय करावे?

दर आठवड्यास सकाळी शेतात तिरपे चालत २० झाडांचे शेंडे, फुले व पानांची खालची बाजू पाहावी. माव्याबरोबर मित्रकीटक पुरेसे आढळल्यास फवारणी थांबवून चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहणी करावी. फुलकिडे किंवा मावा वाढतच असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भिंग व पांढरा कागद जवळ बाळगून ही ओळख शेतकऱ्यांस प्रत्यक्ष वाफ्यातच करून द्यावी. आधी ओळख, मग औषध, हाच क्रम हिताचा आहे.